मेंदूतील गळूसाठी घेतलेली ऑक्सिजन थेरपी आणि नाकारलेला क्लेम

प्रश्न : वडिलांच्या मेंदूतील गाठ काढल्यानंतर तीन आठवड्यांनी तेथे पू झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिकसोबत हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीची २० सेशन्स दिली. १२ दाखल असताना, ८ डिस्चार्जनंतर. विमा कंपनीने 'सिद्ध न झालेला उपचार' म्हणून तो खर्च नाकारला आहे.

उत्तर : हे पैसे बुडाले असे आपण मुळीच समजू नये. कंपनीने ज्या अपवादावर बोट ठेवले आहे, तो परिणामकारकतेला पुरेसा वैद्यकीय आधार नसलेल्या उपचारांपुरता आहे आणि तो आपल्या वडिलांना लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. बंद कक्षात वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देण्याची ही पद्धत कोणत्या आजारांत मान्य आहे, याची यादी अमेरिकेतील अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीने केली आहे. तिच्यात मेंदूतील गळू स्पष्टपणे आहे. अर्धांगवायू मात्र नाही. त्यामुळे कागदोपत्री निदान काय लिहिले आहे, यावरच आपला दावा उभा राहील किंवा पडेल. एमआरआय, पुवाचा कल्चर रिपोर्ट (पुवात कोणते जंतू आहेत ते सांगणारा) आणि ही थेरपी का दिली याचे शल्यचिकित्सकांचे सविस्तर प्रमाणपत्र मिळवा. केसपेपरच्या प्रती लेखी अर्जानंतर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जुन्या केसपेपरवर मात्र एक शब्दही नव्याने लिहून घेऊ नका, कारण तशी एक दुरुस्ती संपूर्ण दाव्यावर संशय आणते.

डिस्चार्जनंतरच्या ८ सेशन्सची बाजू तुलनेने कमकुवत आहे, कारण कंपनी तो ओपीडी खर्च म्हणेल. त्यांचे बिल वेगळे करा आणि पॉलिसीतील डिस्चार्जनंतरच्या खर्चाच्या कलमाखाली, तेथे दिलेल्या दिवसांच्या मर्यादेत, मागा.

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, शुल्क नाही आणि तेथे वकील चालत नाही, म्हणजे वडिलांच्या वतीने आपणच बोलायचे आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग दोन वर्षांपर्यंत खुला असतो, परंतु तेथे प्रकरण दाखल झाल्यावर लोकपाल ते ऐकत नाहीत. म्हणून आधी लोकपालाकडेच जावे, असे माझे मत आहे. नकाराचे पत्र ज्या तारखेला मिळाले, तिचा पुरावा आजच जपून ठेवा.