‘मला तिथे आवडतं’ एवढं कारण पुरतं का?

“मुलगी दोन लहान पोरं सांभाळून नोकरी करते आणि आम्ही दोघं चार-चार महिने डोंगरावर जाऊन पिकलबॉल खेळतो. आम्ही स्वार्थी झालोय का हो?”

मी ॲरिझोनात समुपदेशन करते. निवृत्त मराठी जोडप्यांकडून हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत येतो. कुणाच्या बाबतीत पुण्यातला फ्लॅट असतो, कुणाच्या बाबतीत क्रूझ. या काकूंच्या बाबतीत होतं आरव्ही रिसॉर्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नावाऐवजी काकूच म्हणते, समोरही तेच म्हणायचे.)

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. काकूंचं ‘फिफ्थ व्हील’ आहे, म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात अडकवून ओढायचं. रिसॉर्टमध्ये महिन्याच्या किंवा हंगामाच्या भाड्यानं जागा मिळते. तिथे वीज, नळ आणि सांडपाण्याची जोडणी तयार असते. शिवाय क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, क्विल्टिंगचा म्हणजे गोधड्या शिवण्याचा गट, शनिवारी पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण. मिनेसोटा आणि कॅनडातले लोक थंडी चुकवायला हिवाळ्यात आमच्याकडे खाली येतात. फिनिक्सचे लोक उन्हाळ्यात उलट वर पळतात. पळतील नाही तर काय, २०२३ साली इथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली थांबला नव्हता. गाडीनं साडेतीन तासांवर व्हाइट माउंटन्समध्ये शो लो आणि पाइनटॉप-लेकसाइड ही गावं आहेत. पाइनटॉपची उंची साधारण ६,८०० फूट, महाबळेश्वरच्या दीडपट. पाँडेरोसा पाइनचं जंगल, रस्त्यात उभी राहणारी एल्क हरणं, जुलैपासून दुपारचा वळीव. शो लो हे नाव पत्त्यांच्या डावावरून पडलंय आणि तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव आहे ‘ड्यूस ऑफ क्लब्स’, म्हणजे किलवरची दुर्री. काका हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

तर तक्रार अशी. मुलगी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. शाळेला जूनपासून दहा आठवडे सुट्टी. त्या दहा आठवड्यांचे समर कॅम्प जुळवताना दोघा नवरा-बायकोची दमछाक व्हायची आणि पैसाही पाण्यासारखा जायचा. मुलीनं उघडपणे ‘तू ये’ म्हटलं नव्हतं. पण दर एप्रिलमध्ये फोनवर एक शांतता यायची, आणि काकू ती भरून काढायला कारणं द्यायच्या. फिनिक्सचा उन्हाळा सोसत नाही. बाबांचं बीपी. जागेचे पैसे आगाऊ भरलेत, परत मिळत नाहीत.

मुलगी हुशार. उन्हाळा सोसत नाही? मग सॅन होजेची हवा छानच असते, इकडे या. बाबांचं बीपी? मग एवढ्या उंचीवर राहायला डॉक्टरांना विचारलंय का? पैसे? किती भरलेत सांग, मी पाठवते. प्रत्येक कारणाला तिच्याकडे तोड होती आणि प्रत्येक फोननंतर काकू अधिक अपराधी. काका म्हणत, “तिला काय वाटायचं ते वाटू दे.” ते ट्रकला फिफ्थ व्हील जोडायच्या तयारीला लागत. अपराध वाटून घ्यायचा विभाग घरात काकूंकडेच होता, जसा आपल्याकडे बहुतेक घरांत असतो.

मी त्यांना विचारलं, हेच चार महिने डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले असते तर?

“मग काय, जावंच लागलं असतं. त्यात वाईट काय वाटायचं?”

बोलून झाल्यावर त्या स्वतःच गप्प झाल्या. नातवंडांपासून लांब राहणं तेवढंच, दिवस तेवढेच, मुलीची ओढाताण तेवढीच. मग टोचत काय होतं?

पुढच्या भेटीत मी विषय बदलला आणि विचारलं, तिथे सकाळी नऊ वाजता तुम्ही काय करत असता? या एका प्रश्नावर उरलेला सगळा वेळ गेला. क्विल्टिंगच्या गटातल्या विस्कॉन्सिनच्या एक बाई, त्यांच्याबरोबर तलावाला फेरी. पॉटलकला नेलेली काकडीची कोचवलेली कोशिंबीर, जी आता दर शनिवारी लोक मागून घेतात. वाहनांच्या कागदपत्रांवरून भांडणारं शेजारचं जोडपं. बोलता बोलता एक वाक्य आलं: “तिथे मला सगळे नुसत्या नावानं हाक मारतात.”

हे मला महत्त्वाचं वाटलं. अमेरिकेतल्या आपल्या पिढीतल्या बायकांना मैत्रिणी नव्हत्या असं नाही. पण महाराष्ट्र मंडळातली मैत्री बहुधा जोडप्यांची. ती नवऱ्याच्या ऑफिसातून यायची, मुलांच्या शाळेतून यायची, आणि मुलं कॉलेजला गेली की निम्मी विरून जायची. काकूंना सहासष्टाव्या वर्षी, कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदा, स्वतः जमवलेल्या मैत्रिणी मिळाल्या होत्या. हा उन्हाळा कुणाच्याही उपयोगाचा नव्हता, तो फक्त त्यांचा होता. म्हणून तर त्याला बीपीचं आणि उकाड्याचं पांघरूण लागत होतं.

त्यात आणखी एक जुना धागा होता. काकूंच्या बाळंतपणाला त्यांची आई नाशिकहून आली होती, पाहुण्यांच्या व्हिसावर मिळतात तेवढे सहा महिने. गाडी चालवता यायची नाही, इंग्रजी बेताचं. दिवसभर बाळ, स्वयंपाक आणि बाल्कनीतून दिसणारं पार्किंग. “मी तेव्हाच ठरवलं होतं, असं कुणाच्या घरी जाऊन बसायचं नाही,” काकू म्हणाल्या. आणि तरी चांगली आजी कशी असते याचं त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र तेच होतं.

माझा सल्ला त्यांना आधी उद्धट वाटला: मुलीला कारणं देणं बंद करा. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय शोधणारच, तिला तो हक्कच आहे. खरं कारण तुम्ही अजून सांगितलेलंच नाही. ‘मला तिथे आवडतं’ एवढं म्हणा आणि लगेच तारखा सांगा, तुम्ही केव्हा मोकळ्या आहात आणि केव्हा नाही. म्हणजे एप्रिलच्या आत तिला तिची सोय बघता येईल. “आवडतं म्हणून जाते, असं पोटच्या मुलीला कसं सांगू?” यावर बरेच दिवस गेले. “तुम्हीच बोला ना तिच्याशी” असंही झालं. मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून ते वाक्य गेलं असतं तर ते पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठीच झालं असतं.

मुलीच्या दोन शंका मात्र खऱ्या होत्या आणि त्या भावनेच्या गाठोड्यात बांधायच्या नाहीत हे मी बजावलं. पहिली, तिकडे काही झालं तर? मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा. काका-काकूंचा विमा मेडिकेअर ॲडव्हान्टेजचा, म्हणजे खासगी कंपनीमार्फतचा, आणि एचएमओ पद्धतीचा, म्हणजे ठरावीक डॉक्टर-रुग्णालयांच्या जाळ्यातला होता. अशा योजनांत त्या जाळ्याबाहेर साधारणपणे फक्त तातडीचे उपचार मिळतात, नेहमीच्या तपासण्या नाहीत. मूळ, थेट सरकारी मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. योजना बदलायची खिडकी दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. पण मूळ मेडिकेअरकडे परतताना त्यातून उरणारा खर्च भरणारा जोडीचा मेडिगॅप विमा बहुतेक राज्यांत तब्येत पाहून नाकारला जाऊ शकतो, म्हणून आधी त्याची चौकशी करायची आणि मग पाऊल टाकायचं. उंचीबद्दल काकांच्या हृदयतज्ज्ञांना एकदा सरळ विचारून घ्यायचं. दुसरी शंका वणव्यांची. २००२ च्या रोडिओ-चेडिस्की वणव्यात शो लो गाव रिकामं करावं लागलं होतं, तेव्हा ही भीती हवेतली नाही. औषधं आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी आणि ‘सेट’चा (तयार राहा) इशारा आला की ‘गो’ची (लगेच निघा) वाट न पाहता निघायचं, एवढं दोघांनी ठरवून मुलीला कळवलं.

फेब्रुवारीत काकू मुलीशी बोलल्या. “म्हणजे माझ्यापेक्षा तुला तुझा पिकलबॉल मोठा?” असं ती म्हणाली आणि काकू रडल्या. पण यावेळी त्यांनी कारण दिलं नाही. तारखा सांगितल्या: सुट्टी लागल्यावर पहिले तीन आठवडे आम्ही सॅन होजेला, जुलैत मुलं दोन आठवडे आमच्याकडे. रिसॉर्ट पंचावन्नच्या पुढच्यांचं, तिथे पाहुण्या मुलांना तेवढीच परवानगी. बाकी उन्हाळा आमचा. पुढचे दोन महिने फोन मोजके आणि कोरडे होते. मग मुलीनं उरलेल्या आठवड्यांचे कॅम्प नोंदवले, यंदा वेळेत, म्हणून तिला हवे ते मिळाले. जुलैत पोरं आली. धाकटीला दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला. मोठा नऊ वर्षांचा, त्याला शेजारच्या आजोबांनी मासेमारीला नेलं. ॲरिझोनात दहा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, त्यामुळे ते रोजच निघाले.

प्रत्येक घराला मी हेच सांगेन असं नाही. मुलीकडे तान्हं बाळ असतं, आजारपण असतं किंवा ‘आम्ही सांभाळू’ या शब्दावर तिनं नोकरी धरली असती, तर आमचं बोलणं वेगळ्या दिशेनं गेलं असतं. आणि काही जोडपी रिसॉर्टला आवडतं म्हणून जातच नाहीत, घरी दोघांनाच समोरासमोर बसावं लागू नये म्हणून जातात. तिथे प्रश्न मुलांचा नसतोच.

मुलगी अजून अधूनमधून टोमणा मारते. “मारू दे,” काकू परवा म्हणाल्या, “मी माझ्या आईला कमी मारलेत का?” सध्या आमच्या भेटी वेगळ्याच विषयावर चालू आहेत. घाटातून एवढं धूड ओढणं आता नको असं काका म्हणतात आणि सगळं विकून मोकळं व्हायचा त्यांचा विचार आहे. काकूंना तिथेच कायमचं उभं राहणारं चारशे चौरस फुटांचं ‘पार्क मॉडेल’ घर घ्यायचंय, आणि गरज पडली तर एकटीनं जायची तयारी आहे. काकांना हे अजून सांगायचंय.