आधी चासीचा हुक कुठे आहे ते बघा

तुम्ही विचारलंय की मारुतीची जिम्नी रोज हिंजवडीला नेता, सुट्टीला सह्याद्रीत काढता, हातात ६० हजार आहेत. तर लिफ्ट किट (गाडीची बॉडी उंच करणारं), टायर, लोखंडी बंपर, विंच (दोरानं गाडी ओढून काढायचं यंत्र), लाइटबार यांतलं आधी काय घ्यावं. माझीही जिम्नीच आहे, २०२३च्या दिवाळीत घेतलेली. मी गुरांची डॉक्टर. भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर रोज जावं लागतं, पावसाळ्यात तर रात्री-बेरात्री. तुमच्या यादीत लोखंडी बंपर वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बंपर घेऊ नका. लिफ्ट किटही नको.

गाडी आल्या आल्या आमच्या भाऊजींनी, म्हणजे धाकट्या दिरांनी, हौसेनं ती पुण्यातल्या एका दुकानात नेली. दोन इंचाची लिफ्ट, पुढे लोखंडी बंपर, बंपरवर दोन लाल हुक, टपावर लाइटबार. निम्मे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले. "वहिनी, गाडी लांबून ओळखू आली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. नवा बंपर बसताना चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट केलेला कंपनीचा पुढचा हुक आड येत होता, म्हणून दुकानातल्या पोरानं तो खोलून डिकीत टाकला. मी ते बघत होते. का काढला हे विचारलं नाही.

जुलै २०२४, लावणीचे दिवस. रात्री नऊला फोन आला, म्हैस अडलीये, पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले, एक पाय बाहेर आहे, तोंड दिसत नाही. वाडी डांबरी सोडून किलोमीटरभर आत. रस्ता म्हणजे दोन खाचरांमधला बांध, त्यावर कधीतरी टाकलेला मुरूम. अर्ध्यात गेले आणि बांधाची डावी कड खचली. डावी दोन्ही चाकं खाचरात गेली, गाडीचं पोट बांधावर टेकलं आणि मागचा गोळा (ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा फुगवटा) चिखलात बसला. फोर-एलमध्ये (चारही चाकांना सावकाश पण जास्त ताकद देणारा गिअर) टाकून बघितलं, पण खाली नुसता लोण्यासारखा चिखल, चाकांना धरायला काहीच नव्हतं.

इथेच लिफ्टचं सांगून टाकते. लिफ्टनं बॉडी वर जाते, गोळा जागचा हलत नाही. जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल सरळ आहेत. गोळा वर उचलायचा तर टायरच मोठा हवा, दुसरा उपाय नाही. त्या रात्री दोन इंच लिफ्ट असूनही गोळा रुतायचा तो रुतलाच. रोजच्या वापरात ती लिफ्ट काय करते तेही ऐका. पुढच्या ॲक्सलचा कोन बदलतो आणि स्टिअरिंग सैल होतं. खेड-शिवापूरच्या पुढे ऐंशीला गाडी हलकी वाटायला लागायची, ट्रक शेजारून गेला की हात घट्ट व्हायचे. सासूबाईंना तर चढायला स्टूल लागायचा.

तर, चिखलणी उरकून घरी निघालेला एक ट्रॅक्टरवाला थांबला. त्यानं साखळी काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, चासीला हुक कुठंय?" मी बॅटरीचा उजेड बंपरवरच्या त्या लाल हुकावर धरला. त्याला शंका आली होती, त्यानं हात लावून बघितला. मी म्हटलं, लाव, मजबूत आहे.

पहिली ओढ सावकाश दिली. गाडी हलली नाही. दुसऱ्या वेळी साखळी थोडी ढिली सोडून त्यानं झटका दिला आणि हुक पत्र्याच्या तुकड्यासकट उखडून साखळीबरोबर गेला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. मडगार्डला मुठीएवढा पोचा पडला. त्या माणसाची पाठ तिथून वीतभर लांब होती. नंतर उजेडात तो तुकडा बघितला: तीन मिलिमीटरचा पत्रा, त्यावर हुक दोन टाके मारून चिकटवलेला, वर लाल पावडर कोटिंग. चासीशी त्याचा काही संबंध नव्हता.

मी बॅग उचलली आणि चालत गेले. चिखलातनं पोचायला चाळीस मिनिटं लागली. रेडकाची मान मागे वळलेली होती. ती सरळ करून रेडकू बाहेर काढलं तेव्हा ते गेलेलं होतं. म्हैस वाचली. चाळीस मिनिटं आधी पोचले असते तर ते जगलं असतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण म्हशीच्या घरचे म्हणाले, "डॉक्टर, वाट बघितली हो," त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी त्याच ट्रॅक्टरवाल्यानं वळसा घालून मागून ट्रॅक्टर आणला. मी चारही टायरची हवा १८ पीएसआयवर उतरवली. मागचा कंपनीचा हुक जागेवर होता, चासीला बोल्ट केलेला. त्याला दोर लावला. एका ओढीत गाडी बाहेर.

भाऊजींचं आजही म्हणणं आहे की हुक चांगलाच होता, ट्रॅक्टरवाल्यानं झटका दिला म्हणून तुटला. घरात चार लोक जमले की हा विषय निघतोच. माझं उत्तर इथे लिहून ठेवते. झटका बसणारच होता. रुतलेली गाडी काढताना झटका बसतो हे गृहीत धरूनच हुक लावायचा असतो. आम्ही रेडकू ओढतो तेव्हा दोन्ही पायांना खुराच्या वरच्या सांध्याच्या वर वेगवेगळे फास घालतो, म्हैस कळ देईल तेव्हाच ओढतो, कळ थांबली की नुसतं धरून ठेवतो. तिथे झटका दिला तर काहीतरी फाटतं. गाडीच्या बाबतीत कळ कोण देणार? म्हणून तिथे ताणणारा दोर लागतो. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो, झटका स्वतःत घेतो आणि मग खेचतो. साखळी ताणतच नाही, सगळा भार त्याच क्षणी हुकावर. दोर आणि चासीचा हुक, या दोन गोष्टी त्या रात्री माझ्याकडे असायला हव्या होत्या. त्या सोडून बाकी सगळं होतं.

आता तुमचे ६० हजार.

पहिले पंधरा-सोळा हजार यावर घाला: बॅटरीला चिमटे लावून चालणारा कंप्रेसर (सिगारेट लायटरच्या भोकातला घेऊ नका, फ्यूज उडतो), चांगला प्रेशर गेज, आठ-नऊ मीटरचा कायनेटिक दोर, भार छापलेले दोन सॉफ्ट शॅकल (दोर हुकाला जोडायच्या, दोरीच्याच कड्या), जाड हातमोजे आणि साधं फावडं. चिखलात-दगडात हवा १८ पर्यंत उतरवा, १५ च्या खाली गेलात तर टायर रिममधून सुटायची भीती. डांबरीवर आल्यावर आधी हवा भरा, मग वेग घ्या. एवढ्यानं गाडी जितकी बदलते तितकी कुठल्याही किटनं बदलत नाही.

उरलेल्यात टायर. कंपनीचे १९५/८० आर १५ झिजू द्या, मग २१५/७५ आर १५ मध्ये ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) घ्या. हिशोब केला तर गोळा जेमतेम पाच मिलिमीटर वर जातो. खरा फायदा पकडीचा आणि जाड बाजूचा. आणि हे बोलेरोचं माप आहे, तालुक्याच्या कुठल्याही टायरवाल्याकडे मिळतो. पाच घ्या. या गाडीत मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा) नाही, फोर-व्हीलमध्ये चारही चाकं एका मापाची लागतात. स्टेपनी जुनी ठेवलीत तर पंक्चरच्या दिवशी फोर-व्हील वापरता येणार नाही. मड-टेरेन (खास चिखलाचे) मात्र नको. ओल्या डांबरावर घसरतात आणि हिंजवडीपर्यंत घोंगावत राहतात.

पैसे घालायच्या आधी एक फुकटातली गोष्ट शिका. एक चाक हवेत फिरायला लागलं की आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे ढकलायची सोय आहे, पण तिला काम करायला एक-दोन सेकंद द्यावे लागतात. फोर-एलमध्ये पाय स्थिर ठेवा.

विंचचं राहिलंच. दोन गाड्या बरोबर असतील तर विंचची गरज नाही. माझ्यासारखं एकट्यानं जायचं असेल तर माझं मत वेगळं आहे. मी हातानं चालवायचा विंच डिकीत ठेवते; लागला तर आंब्याच्या बुंध्याला रुंद पट्टा बांधून त्याला लावते. आणि बंपरबद्दल एक, जे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना बुलबारवर (म्हणजे अशाच पुढच्या लोखंडी बंपरवर) कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. तुमच्या गाडीत सहा एअरबॅग आहेत. पुढे लोखंड आलं की धडकेचा हिशोब बदलतो. लिफ्ट आणि मोठ्या टायरबद्दलही वॉरंटीचा आणि विम्याचा कागद आधी वाचून घ्या.

माझी लिफ्ट मी काढली, निम्म्या किमतीत विकली. बंपर गोठ्यामागे पडलाय. लाइटबार ठेवलाय. धुक्यात तो लावू नका, ताम्हिणीत पांढरी भिंत समोर उभी राहते, आणि रस्त्यावर झाकूनच ठेवावा लागतो. पण वीज गेलेल्या वाडीत गाडी गोठ्याच्या तोंडाशी लावली की आतलं सगळं लख्ख दिसतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. याबाबत भाऊजी बरोबर होते, आणि मी त्यांना तसं सांगितलंय.