युरँशिया बुकमधली विधानं विज्ञानाने आणि उत्खननाने नंतर खरी ठरवली, हे खरं आहे का?

काही विधानं जुळतात. पण माझा आक्षेप तुमच्या प्रश्नातल्या 'नंतर' या शब्दावर आहे.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: १९५५ साली शिकागोत छापलेला हा दोन हजारांवर पानांचा ग्रंथ. लेखक म्हणून कुणा माणसाचं नाव नाही. दिव्य जीवांनी सांगितला असा दावा. मजकुरात मात्र १९३४-३५ चे उल्लेख येतात. हे साल लक्षात ठेवा.

बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते, असं त्यात आहे. तेव्हा सगळेच तसं मानत. १९६५ मध्ये रडारने पाहिलं तर बुध ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो! देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे १० लाख वर्षांपूर्वी निघाला, असं ग्रंथ सांगतो. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलचा तेव्हाचा अंदाज ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होता; आज आपण २५ लाख मानतो. मानवी प्रजननपेशींत गुण ठरवणारे घटक म्हणे ४८. गुणसूत्रंही तेव्हा ४८च समजली जात, १९५६ मध्ये ती ४६ असल्याचं प्रसिद्ध झालं. परीक्षेत कॉपी पकडतात ती बरोबर उत्तरांवरून नव्हे, सारख्या चुकांवरून.

एक नेम मात्र बरा लागलाय, हे कबूल करतो. एकसंध भूखंड ७५ कोटी वर्षांपूर्वी फुटू लागला, असं ग्रंथात आहे, आणि रोडिनिया या प्राचीन महाखंडाच्या फुटण्याचा आजचा अंदाजही त्याच सुमाराचा आहे. खंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ मध्येच मांडली होती. आकडा कसा जुळला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पुरातत्त्वात तेवढंही नाही. तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे हे अतिप्राचीन दगडी वास्तूंचं ठिकाण १९९५ पासून खणलं गेलं आणि मग भक्तांना ते ग्रंथात दिसू लागलं. 'इथे खणा' असं आधी कुठे लिहिलंय? (आपल्याकडची प्राचीन विमानंही अशीच, शोध लागल्यावर पोथीत सापडतात.)

गंमत म्हणजे, यातलं भौतिक विज्ञान काही वर्षांत दुरुस्त करावं लागेल, असं ग्रंथच सांगून ठेवतो. छापा पडला तरी जिंकलो, काटा पडला तरी जिंकलो. येशूच्या आयुष्यावरचा शेवटचा मोठा भाग मात्र मी आवडीने वाचला. बुध कसा फिरतो याने त्यात काही बिघडत नाही.