विमानापूर्वीची न्याहारी

प्रश्न : सोलापूरहून रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन सकाळी ७ चं विमान पकडायचं आहे. विमानतळावर घाईत काय खावं? घरचं नेलं तर चालेल का?

उत्तर : घरचं कोरडं खाणं खुशाल न्या, आणि आपल्याकडे कडक भाकरी असताना दुसरं शोधूच नका. माणशी 2 भाकऱ्या आणि 3-4 चमचे शेंगाचटणी पुरते. भाकरी पिशवीत सुटी टाकली की तपासणीच्या ट्रेमध्ये दबून तिचा चुरा होतो, म्हणून पसरट डब्यात ठेवा. उखळात कुटलेली चटणी तेल सोडते, ती घट्ट झाकणाच्या छोट्या डबीतच भरा. दही, रस्सा, तेलाचं लोणचं हातातल्या सामानात नको, तपासणीत अडकतं. बाटली रिकामी न्या, आत गेल्यावर भरा. पाण्याशिवाय कडक भाकरी घशाखाली उतरत नाही.

विकत घ्यायचं तर आधी तपासणी उरका, मगच रांगेत उभे राहा. तयार इडली लगेच हातात पडते, डोशाला थांबावं लागतं. गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं, तेव्हा सव्वासहापर्यंत खाणं संपलेलं हवं.

हरभऱ्याची उसळ आणि सोडा मात्र टाळाच. उडताना केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, पोटातला वायू फुगतो आणि सगळा प्रवास अस्वस्थ जातो.