सईला, कानबाईच्या मुठीबद्दल

प्रिय सई,

आजीचं पत्र परवा तू स्वतः वाचलंस, अक्षर लावत लावत. मी शेजारी बसून ऐकत होतो, फार बरं वाटत होतं. मग ती ओळ आली: 'कानबाईना रोटसले तुना नावनी मूठ लिधी, ओमना नावनी बी लिधी.' म्हणजे कानबाईच्या रोटांसाठी माझ्या नावाची मूठ घेतली, तुझ्या भावाच्या नावाचीही. तू मान वर करून विचारलंस, "ओमची घेतली, मग माझी का नाही? मी घरातली नाही का?" मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू मोजून घ्यायचे, घरातल्या एकेका पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे. का, ते मला कोणी सांगितलं नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो.

माझ्या लहानपणी तुझे आजोबा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होते. अमळनेरहून सुरतेला थेट गाडी, तरी कानबाईला सुट्टी मिळेलच असं नसे. महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओसरीवर बसून नोटा मोजायचा आणि फॉर्मच्या खालचा तुकडा फाडून द्यायचा. त्यावर आजोबांच्या दोन ओळी असायच्या. आजी चौथी शिकलेली. नोटा माझ्या हातात देऊन ती आधी तो तुकडा वाचायची, मग देव्हाऱ्यामागे खोचून ठेवायची.

श्रावणात ती सूप घेऊन बसली की पहिली मूठ आजोबांची. जो घरात नाही त्याची आधी. मूठ गच्च भरायची, सुपात उलटी करायची, मग चिमटीने थोडे दाणे वर टाकायचे, ती पाव मूठ. "ही तुना बापनी," म्हणायची, मग माझी. आजोबा दीडशे-दोनशे मैलांवर मशीनपाशी उभे असतील, पण त्या सुपात ते असायचे. आज माझी मूठ ती तशीच घेते. इथे अमेरिकेत, एडिसनला ऑफिसात बसलेलो असताना कुणीतरी माझ्या नावाने गहू मोजतंय, याचा मला आधार वाटतो. हे मी तुझ्यापासून कशाला लपवू?

पण ते गहू निवडायचं कोण? तुझी आत्या. पहाटे जात्याला आजीसमोर तीच बसायची, भोपळ्याची भाजी तीच चिरायची. तिच्या नावाची मूठ नव्हती. लग्न होऊन पारोळ्याला गेल्यावर तर रोटाचा घासही नाही. आता आजीच्या गोळ्या आत्या आणून देते, डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात तीच झोपली. मी इथून पैसे पाठवतो, ते लगेच पोचतात. मूठ मात्र माझी, आणि ज्याने ते घर अजून नीट पाहिलंही नाही त्या ओमची. तू विचारल्यापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तरी आजीला मुली नकोशा आहेत असं मनात आणू नकोस. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तिने हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. पुढे मी तिला नव्या, जास्त वजनाच्या करून दिल्या. तिने त्या एक दिवसही घातल्या नाहीत. आत्याच्या मुलीच्या लग्नात तिच्या हातात चढवल्या, आणि मला ते सहा महिन्यांनी पत्रातून कळवलं.

फोन असताना पत्रं कशाला, असंही तू मागे विचारलं होतंस. तिला ऐकू कमी येतं, हे एक. शिवाय फोनवर ती "पैसा भेटनात, जेवना का?" याच्या पुढे जात नाही. पत्रात बोरी नदीला पाणी आलं, म्हैस आटली, कपाशीवर अळी पडली, सगळं येतं. शेवटी 'कव्हय येशी?' मी उत्तरात तारीख घालत नाही, सुट्टी मिळाली की येतो, एवढंच लिहितो. आजोबाही त्या तुकड्यावर हेच लिहायचे.

तू ही रीत मानावीस असं मी म्हणत नाही. तुझा प्रश्न चुकीचा आहे असं तर मुळीच नाही. पण त्याचं उत्तर माझ्यापेक्षा आजीने द्यावं असं वाटतं. रविवारी मी तिला पत्र टाकणार आहे, एक पान कोरं ठेवलंय. मराठी जमेल तशी लिही, आजी चुका काढत बसत नाही. नको वाटलं तर राहू दे, तुझ्या नावाने मी काही लिहिणार नाही. लिहिलंस तर मात्र आत्याच्या मुठीचंही विचार. तिच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

तुझा,
बाबा