'नाइस' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ काय होता आणि तो कसा बदलला?

आज सौम्य कौतुकासाठी वापरला जाणारा 'नाइस' हा शब्द सुमारे १३०० च्या आसपास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. त्याचे मूळ लॅटिनमधील 'नेस्कियुस', म्हणजे 'अजाण', या विशेषणात आहे. त्यातील 'ने' हा नकार आपल्या 'न'चाच सगोत्र असून 'स्किरे' म्हणजे जाणणे. याच 'स्किरे'पासून 'सायन्स' हा शब्दही निघाला आहे. ज्ञानवाचक आणि अज्ञानवाचक असे दोन शब्द एकाच धातूतून यावेत, हे मला फार विलक्षण वाटते.

पुढचा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. मूर्खपणाकडून अर्थ भित्रेपणाकडे, तिथून नाजूकपणाकडे आणि चोखंदळपणाकडे सरकला. आणि जो चोखंदळ असतो तो बारकाईने पाहतो, म्हणून सोळाव्या शतकात 'काटेकोर', 'सूक्ष्म' हे अर्थ रूढ झाले. दोन संकल्पनांमधील अत्यंत सूक्ष्म भेदाला इंग्रजीत आजही 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणतात, आणि तिथे 'छान' असा अर्थ घेतल्यास वाक्याचा आशयच बिघडतो. जुने इंग्रजी साहित्य वाचताना हे भान ठेवणे अत्यंत आवश्यक आहे, कारण तिथे हा शब्द स्तुती करतो की दोष दाखवतो, हे केवळ संदर्भावरूनच कळते.

'सुखद' हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि 'प्रेमळ, सौजन्यशील' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात त्याला जोडला गेला.