आई-बाबा धडधाकट आहेत तेव्हाच हे बोलून घ्या

व्हिडिओ कॉलवर आपण रोज विचारतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पण उद्या अचानक ॲडमिट करावं लागलं तर निर्णय कोण घेणार आणि उपचार कुठपर्यंत करायचे हे विचारलं की लगेच "शुभ बोल रे नाऱ्या" सुरू होतं. तरी माझं कळकळीने सांगणं आहे की यावेळी भारतात जाल तेव्हा हा विषय काढाच, कारण एक भाऊ आयसीयूच्या दाराशी आणि दुसरा परदेशातून फोनवर, अशा वेळी झालेली भांडणं वर्षानुवर्षं मिटत नाहीत.

सुरुवात "तुम्हाला काही झालं तर" अशी नको. तुम्हाला कुठे, कोणाबरोबर राहायला आवडेल असं विचारा आणि मधे न बोलता ऐका. बऱ्याच जणांना आपल्याकडे यायचंच नसतं हो, त्यांना त्यांचा डॉक्टर, शेजारी, रोजची माणसं हवी असतात.

मग लिव्हिंग विलचं बोला. हे मालमत्तेच्या मृत्युपत्रापेक्षा वेगळं, बरं होण्याची आशाच नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत ते यात लिहितात. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की झालं. आपल्या वतीने निर्णय घेणारे म्हणून एकापेक्षा जास्त नातेवाइकांची नावं घालता येतात, त्यामुळे फक्त तुमचं नाव नको, लगेच पोचू शकेल असं कोणीतरी त्यात हवंच.

वयाची 70 पूर्ण असतील तर सरकारी आरोग्य विम्याचं आयुष्मान कार्ड काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि कुटुंबातल्या 70 पूर्ण झालेल्यांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर मिळतं. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि रात्री जायच्या वाटेवर दिवा तर याच ट्रिपमध्ये लावून या. जवळ कोणीच नसेल तर 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

आणि जी बहीण किंवा वहिनी तिथे राहून रोजचं सगळं बघते तिला इथून सूचना देणं प्लीज थांबवा, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दवाखान्याच्या फेऱ्या, रात्रीची जागरणं तिची आणि सल्ले आपले, हे बरोबर नाही. पैसे पाठवता ते चांगलंच आहे पण तिला सुट्टीही हवी असते, तेव्हा वर्षातले काही आठवडे तुम्ही जाऊन घर सांभाळायचं, आणि तारखा तुमच्या सोयीने नाही, तिला विचारून ठरवायच्या.